विरोधी पक्षनेते

सिनेमा संपून दिवे लागले की सभागृहात दोन तट पडतात. त्यांतला लहान तट कोणता हे हेरायला काकांना खुर्चीखाली काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवण्याइतकाच वेळ लागतो. चपला घालून ते उभे राहतात तेव्हा त्यांचं मत तयार असतं. मत म्हणजे काय, तर समोरच्याचं जे असेल त्याच्या विरुद्ध.

आमच्या पुण्यातल्या फिल्म क्लबात त्यांना ‘विरोधी पक्षनेते’ म्हणतात. तोंडावर अर्थातच ‘काका’. पहिलं नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि ते त्यांना मान्य नाही. “आधी सत्ताधारी पक्ष कोणता ते ठरवा, मग मला विरोधात बसवा,” असं ते म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर मुद्दा बिनतोड आहे. पन्नास जणांच्या क्लबात ‘छान होता’ असं म्हणायलाही दोन माणसं सहसा एकत्र येत नाहीत.

काका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबातली चूक काढण्याचा त्यांनी आयुष्यभर पगार घेतला आणि आता तेच काम ते फुकट करतात. शर्टाच्या खिशात पेन, पेनाला अडकवलेलं क्लबाचं ओळखपत्र, हातात रेक्झिनची पिशवी. बसायची जागा कडेची, डावीकडची, चौथी रांग. त्या खुर्चीवर नवा सभासद बसलेला दिसला तर ते त्याला उठवत नाहीत. शेजारी उभे राहून पडद्यापासूनचं योग्य अंतर या विषयावर बोलू लागतात, तेव्हा तो आपसूक उठतो.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. ते स्वतःचं मत पहिल्यांदा कधीच सांगत नाहीत. चहाचा कागदी कप हातात घेऊन ते तुमच्याजवळ येतात आणि अत्यंत नम्रपणे विचारतात, “काय, कसा वाटला?” तुम्ही ‘आवडला’ म्हणालात की तुम्ही गेलात. ‘नाही आवडला’ म्हणालात तरी गेलात. अनुभवी सभासद उलट विचारतात, “काका, तुम्हाला कसा वाटला?” त्यावर काका म्हणतात, “माझं अजून चाललंय आत,” आणि शांतपणे वाट बघतात. एकदा मुंबईहून कुणाचे तरी व्याही आले होते, ते नेमके याच जातकुळीचे निघाले. दोघे चहाच्या टेबलाशी समोरासमोर उभे राहून एकमेकांना ‘तुम्ही सांगा’, ‘नाही, आधी तुम्ही सांगा’ करत राहिले. वॉचमनने दिवे घालवले तरी त्या सिनेमाबद्दल एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

तलवारीचे चिनी सिनेमे हा काकांचा खास प्रांत. कारण उघड आहे. या सिनेमांना एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे दोन प्रकारचे प्रेक्षक एकाच वेळी येतात. एकाला हाणामारी बघायची असते, दुसऱ्याला बांबूच्या बनातून झिरपणारा उजेड. दिग्दर्शक जरा जास्त कवी निघाला की पहिला चिडतो, जरा कमी निघाला की दुसरा. काकांना दोन्हीकडून गिऱ्हाईक.

२००० साली आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला. पुढे त्याला चार ऑस्कर मिळाली आणि बांबूच्या शेंड्यांवर झुलत लढणारी ती दोन माणसं बघून आमचा अख्खा क्लब विरघळला. काकांचं म्हणणं, “यात नवीन ते काय? बांबूचं बन किंग हूने १९७१ सालीच करून ठेवलंय, ‘अ टच ऑफ झेन’मध्ये. त्याच्याकडे असल्या दोऱ्याबिऱ्या नव्हत्या.” झालं, क्लबाने खटपट करून ‘अ टच ऑफ झेन’ मिळवला. तीन तासांचा सिनेमा, लोक भारावून बाहेर पडले. काका जिन्याच्या तोंडाशीच उभे. “भारावताय कशाला? ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या आहेत त्या. संकलन चलाख म्हणून माणूस उडाल्यासारखा वाटतो. आंग लीने निदान माणसं खरोखर वर तर नेली!”

झांग यिमौ यांच्या ‘हीरो’च्या वेळी तर त्यांनी एकाच संध्याकाळी दोन्ही आघाड्या सांभाळल्या. तो सिनेमा लाल, निळा, हिरवा, पांढरा असा रंगारंगांत सांगितलेला आहे, ख्रिस्तोफर डॉयलचं छायालेखन आहे, आणि शेवटी मारेकरी सम्राटाला मारायचं सोडून देतो. ज्यांना रंग आवडले त्यांना काकांनी विचारलं, “आणि साम्राज्य एक राहावं म्हणून राजाचे सगळे खून माफ, हे चाललं तुम्हाला?” ज्यांना तो राजा खटकला होता त्यांना म्हणाले, “राजकारणाला सकाळचा पेपर आहे की. ती पिवळी पानं बघता बघता लाल होतात तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसला होतात काय?” दोन्ही गट मधल्या खांबाच्या दोन बाजूंना उभे होते, म्हणून निभावलं.

पण काकांचा खरा कस लागला तो ‘द असॅसिन’ला.

ऑक्टोबर २०२३मध्ये बातमी आली की तैवानचे दिग्दर्शक होउ श्याओ-श्येन स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे निवृत्त झाले आहेत आणि आता सिनेमा करणार नाहीत. म्हणजे २०१५ सालचा ‘द असॅसिन’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा ठरला. तो दाखवायचा असं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं. काका त्या बैठकीला नव्हते, म्हणून एकमताने. कार्यवाहांनी फलकावर खडूने लिहिलं: ‘तांग काळातील स्त्री-मारेकऱ्याची कथा. कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार.’ कवितेचा, धुक्याचा, संथपणाचा उल्लेख टाळला, कारण वर्गणीदार कमी झाले होते. या दोन ओळींचा परिणाम असा झाला की वरच्या मजल्यावर कराटेचा वर्ग घेणारे सर आपले दहाबारा विद्यार्थी घेऊन आले. सगळे ट्रॅकसूटमध्ये, पहिल्या रांगेत, पाठी ताठ.

आता हा सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काळ नवव्या शतकाचा. यिननियांग नावाची मुलगी लहानपणीच एका संन्यासिनीच्या हवाली झालेली. त्या बाईने तिला माणसं मारण्यात तरबेज केलं. पण एका अधिकाऱ्याला मारायला ती जाते, तर तो आपल्या लेकराशी खेळत असतो. तिचा हात उठत नाही. गुरू शिक्षा म्हणून तिला माहेरच्या मुलखात, वेइबो प्रांतात पाठवते. मारायचं कुणाला, तर तिथल्या सरदाराला. तो तिचा मामेभाऊ, आणि लहानपणी हिचं त्याच्याशी लग्न ठरलेलं. एवढी गोष्ट ऐकली की कुणालाही वाटेल, आता बघा कशी जुंपते ती. जुंपत नाही. यिननियांग झालेली शू ची काळ्या कपड्यांत खांबाआड, पडद्याआड, झाडाआड उभी राहते आणि ऐकते. तिच्या तोंडी वाक्यं अगदी मोजकी. मार्क ली पिंग-बिनचा कॅमेरा सरदाराच्या महालात रेशमी पडद्यांमागे जाऊन बसतो. झिरझिरीत कापड वाऱ्याने पुढे येतं, माणसं धूसर होतात, कापड मागे जातं, मेणबत्तीची ज्योत स्वच्छ दिसते, पुन्हा कापड पुढे. सरदार आपल्या रखेलीला जुनी हकिगत सांगतोय. हे बराच वेळ चालतं. मग कधीतरी लक्षात येतं की त्या पडद्यांत तिसरं कुणीतरी उभं आहे.

लक्षात येतं, म्हणजे ज्याच्या येतं त्याच्या. आमच्या सभागृहात पाचव्या रांगेपासून मागे तोवर मोबाइलचे उजेड लुकलुकू लागले होते. दोघे-तिघे ‘पार्किंगचा प्रॉब्लेम’ असं पुटपुटत वाकून बाहेर गेले. खजिनदार झोपले. आणि पहिल्या रांगेतला एक ट्रॅकसूट सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “सर, ती बघा ती, मागे!”

आपल्याकडे ‘कराटेचा पिक्चर’ या नावाखाली जे काही पाहून आमची पिढी मोठी झाली, त्यात मारामारी सुरू झाली की ती निकाल लागेपर्यंत चाले आणि निकाल लागल्यावरही थोडा वेळ चाले. इथे बर्चच्या पांढऱ्या झाडांत यिननियांग आणि सोनेरी मुखवटा घातलेली एक बाई समोरासमोर येतात, सपसप चारदोन वार होतात आणि दोघी आपापल्या वाटेने चालू लागतात. खाली जमिनीवर तुटलेला मुखवटा. बस. मागून कुणीतरी “अरे?” म्हणालं. फक्त “अरे?” त्या एका शब्दात वर्षाची वर्गणी, पेट्रोल आणि चुकलेली क्रिकेट मॅच सगळं आलं होतं.

एकशे पाच मिनिटांनी दिवे लागले. मी काकांकडे बघत होतो. चपला पायात गेल्या, पण काका उठले नाहीत. तट कुठले आणि त्यांत लहान कुठला याचा हिशेबच लागत नव्हता. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सिनेमाने की जांभईने हे अंधुक उजेडात ठरवणं अवघड होतं.

बाहेर चहाच्या टेबलाशी पहिले भेटले कराटेचे सर. त्यांनीच तोंड उघडलं, “काका, हे काय हो? पोरांना घेऊन आलो मी. सगळी मारामारी एका ठिकाणी केली तर चहा गाळून होईपर्यंत संपेल.”

काकांचा चेहरा उजळला. बाजू मिळाली!

“सर, पोरांच्या कमरेला पट्टे बांधता तुम्ही आणि हे तुम्ही म्हणावं? अहो, ती मारेकरी आहे, तमाशातली नाची नव्हे. सुरुवातीचा काळा-पांढरा भाग आठवा. घोड्यावरून माणूस येतोय. ती झाडीतून येते, हात फिरतो, ती दिसेनाशी. मेलो हे त्या माणसालाही उशिरा कळतं. काम येणाऱ्याचं काम असंच असतं. लांबतं ते न येणाऱ्याचं. बाकीचा वेळ ती काय करते? बघते, ऐकते. आणि दिग्दर्शक आपल्यालाही तेच करायला लावतो. आपण तिच्या जागी बसलोय, सरदाराच्या नव्हे!”

हे फार चांगलं बोलले काका. आजूबाजूचे चारपाच जण कप हातात धरून ऐकत राहिले. सरांनी मान खाली घालून विचार केला आणि म्हणाले, “खरंय हो. आम्ही पोरांना हेच सांगतो. खऱ्या लढतीत जो नाचला तो गेला. आणि ती पाऊल कसं टाकते पाहिलंत? वजन सगळं खाली, खांदा सैल. पटलं, काका.”

“पटलं?”

“शंभर टक्के.”

मी काकांना इतकं अस्वस्थ झालेलं क्वचित पाहिलंय. माणूस वाद हरला तर निदान घरी जाऊन उत्तर शोधतो. समोरचा पटकन ‘पटलं’ म्हणाला तर त्याने काय करावं? त्यांनी कप टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाले, “हं. ते सगळं ठीक आहे. पण एवढ्यासाठी एकशे पाच मिनिटं कशाला हवीत?” तोवर सर पोरांना जिन्यात ओळीने उभं करून ‘पाऊल कसं टाकायचं’ ते दाखवू लागले होते.

इतक्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारा आमचा एक तरुण सभासद हात पसरून आला. “काका, प्युअर सिनेमा!”

“प्युअर म्हणजे? भेसळ कशाची नाही? गोष्टीची?”

“गोष्ट हवीच कशाला, काका? कविता आहे ती.”

“बरं. मग मला सांग, मुखवट्यातली बाई कोण?”

तरुण थबकला. “ती… दुसरी मारेकरी. कुणीतरी पाठवलेली.”

“सरदाराची बायको आहे ती! नटी एकच आहे, चोऊ युन. आता हे दिग्दर्शकाने तुला सांगितलं का? नाही. मुखवटा तुटलेला दाखवला, तोंड दाखवलं नाही. कागदाची बाहुली करून त्या गरोदर रखेलीवर करणी कोण करवतं, ते धड सांगितलं का? नाही. संवाद सगळे जुन्या वळणाच्या चिनीत, आजचा चिनी माणूससुद्धा त्यात अडखळतो. आम्हाला एखाद्या शाखेत इतक्या नोंदी अर्धवट सापडल्या असत्या तर मॅनेजरला सुट्टीवरून बोलावून घेतला असता.”

“पण काका, ‘साइट अँड साउंड’ने त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा म्हणून…”

“ते समीक्षक. त्यांना कळला नाही म्हणूनच पहिला आला. बरं, चौकट बदलते ते पाहिलंस?”

“चौकट?”

“सगळं चित्र जुन्या पद्धतीच्या आखूड चौकटीत आहे. राजकन्या वाद्य वाजवायला बसते तेव्हा ते रुंद होतं. का होतं?”

तरुणाला हे दिसलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही दिसलं नव्हतं. त्याने अंदाजाने ठोकून दिलं, “स्मृतीचा अवकाश विस्तारतो म्हणून?”

“आडवं वाद्य मावत नाही म्हणून!” काका म्हणाले आणि दुसरा कप घ्यायला वळले.

इथे मला एक गोष्ट काकांच्या बाजूने नोंदवली पाहिजे, त्यांना आवडो न आवडो. त्या संध्याकाळी सभागृहात जेवढे होतो, त्यांत तो सिनेमा सगळ्यांत नीट पाहिला काकांनीच. ज्यांना आवडला ते पहिल्या धुक्यातच गहिवरले आणि पुढचं त्यांनी गहिवरल्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना आवडला नाही त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत निकाल देऊन टाकला. काकांना दोन्ही बाजूंचा दारूगोळा लागतो, त्यामुळे त्यांना एक चौकट चुकवून चालत नाही. शेवटी वाजतात ते पाइप फ्रान्समधल्या ब्रिटनीचे आणि ढोल सेनेगलचे, हेही क्लबात एकट्या त्यांनाच माहीत होतं. कौतुक करणाऱ्याला ते म्हणतात, “तांग काळात ब्रिटनीचे पाइप?” आणि नावं ठेवणाऱ्याला म्हणतात, “इतका वेळ धाकात असलेली बाई मोकळी झाली हे सांगायला जगाच्या दुसऱ्या टोकाचंच वाद्य लागतं, राव!” दोन्ही ऐकली की वाटतं, खरंच की. हा माणूस मनातून कुठल्या बाजूला आहे हे विचारायचं मात्र राहूनच जातं.

काकांचं एका ठिकाणी काही चालत नाही, ते म्हणजे काकूंपुढे. काकू क्लबाच्या आजीव सभासद आहेत आणि सिनेमात नियमाने झोपतात. त्या रात्री रिक्षाची वाट बघताना काकांनी सवयीने विचारलं, “कसा वाटला?”

“छान. मला फार बरी झोप लागली. उगीच कर्कश आवाज नाही, काही नाही. मधे दोनदा उठले तर ती बाई आपली पडद्यामागे उभीच.”

“म्हणजे तुला कंटाळवाणा वाटला.”

“कंटाळा कशाला येईल? झोपले होते ना मी. आणि ती निळ्या पक्ष्याची गोष्ट सांगत होती ना राजकन्या, तेव्हा पूर्ण जागी होते. तीन वर्षं गायलाच नाही तो पक्षी. मग राणी म्हणाली, याला आपल्या जातीचं कुणी दिसलं तर गाईल, म्हणून समोर आरसा ठेवला. तर तो स्वतःलाच बघून रात्रभर ओरडला आणि मेला बिचारा.” काकू थांबल्या. “शेवटी ती त्या आरसेवाल्या पोराबरोबर गेली ना?”

“गेली. पण ते का गेली हे दिग्दर्शक स्पष्ट…”

“काय स्पष्ट करायचंय त्यात? अख्ख्या सिनेमात हसणारा तेवढा एकच मुलगा होता. शिवाय आरसेवाला. कळलं मला.”

काका गप्प झाले. काकूंच्या मताला विरुद्ध बाजूच नसते, ही त्यांची संसारातली जुनी तक्रार आहे.

त्या दिवशी काकांना आणखी एका बाईंनी असंच निरुत्तर केलं होतं. त्यांचं हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे. त्या एवढंच म्हणाल्या की पडदे अस्सल रेशमाचे वाटले, खोट्या रेशमाला अशी चूण पडत नाही. “पण सिनेमा आवडला का?” काकांनी विचारलं. “पडदे आवडले,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

क्लबाचा वार्षिक अंक माझ्याकडे असतो. त्यात ‘द असॅसिन’वर काकांनी लिहावं असं मला मनापासून वाटत होतं. पण काका लिहायला बसले की त्यांचं अडतं. बोलताना समोर माणूस असतो, कागद मात्र कोरा. त्याला मत नाही, तर विरोध कुणाला करायचा? दोन महिने ते मला “होतंय, होतंय” म्हणत राहिले. पाठवलं काय, तर अर्धं पान, तेही होउ यांच्या आधीच्या सिनेमांची यादी: १९८९चा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’, त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह, १९९८चा ‘फ्लॉवर्स ऑफ शांघाय’. खाली सही.

मग मी एक चाल खेळलो. काकांना फोन केला आणि म्हणालो, “काका, राहू द्या. अंकात त्या सिनेमावर काहीच नको असं ठरतंय. सगळ्यांचंच मत पडलं की तो निव्वळ देखणा आणि पोकळ आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. “सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी रेक्झिनची पिशवी माझ्या दारात हजर. नऊ पानं, पाठपोट. काय लेख होता! शेवटाकडचा डोंगरकड्यावरचा प्रसंग, जिथे यिननियांग गुरूसमोर उभी राहून मारायला नकार देते आणि दरीतून धुकं वर चढत चढत कडा गिळतं, त्यावर एकट्यावर दोन पानं. त्यांनी लिहिलं होतं की मारामारीच्या सिनेमात शस्त्र खाली ठेवणं ही सगळ्यांत अवघड मारामारी असते, आणि ती बघायला प्रेक्षकाला तेवढा वेळ द्यावा लागतो.

मला लोभ सुटला. आठवड्याने पुन्हा फोन केला. “काका, लेखाने कमाल केली. मी कार्यकारिणीला वाचून दाखवला. सगळे फिरले. आता एकूण एक जण म्हणतोय, हा शतकातला सर्वोत्तम सिनेमा.”

“एकूण एक?”

“कराटेचे सरसुद्धा.”

यावेळी पानं अकरा. विषय: सौंदर्य हे कथा न सांगण्याची सबब कशी होते. हाही लेख पहिल्याच्या तोडीचा. धुक्यावर इथेही एक परिच्छेद होता, पण यात दिग्दर्शकाच्या नशिबाने आलेल्या हवामानाला आपण किती काळ तत्त्वज्ञान म्हणणार आहोत, असा सवाल होता.

मी दोन्ही लेख समोरासमोरच्या पानांवर छापले. डावीकडे ‘बाजूने’, उजवीकडे ‘विरुद्ध’. नावं नाही टाकली, तेवढं भान राखलं. अंक गाजला. डाव्या लेखकाला आणि उजव्या लेखकाला एकाच व्यासपीठावर बोलवावं अशी सूचनाही आली, ती मी इतिवृत्तात येऊ दिली नाही.

काका रागावतील अशी माझी अटकळ होती. रागावले नाहीत. त्यांनी संपादकांना रीतसर पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा: आपल्या अंकातील दोन्ही लेख वाचले. दोन्ही लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, परंतु दोघेही एकांगी आहेत. पहिल्याने दुसऱ्याचा मुद्दा लक्षात घेतलेला नाही आणि दुसऱ्याने सिनेमा पहिल्याइतका बारकाईने पाहिलेला दिसत नाही. अशा मंडळींना पाने देताना संपादकांनी तारतम्य बाळगावे. स्वतःचं मत त्यांनी पत्रात दिलं नव्हतं. ते ‘सविस्तर पुढे केव्हातरी’ द्यायचं होतं.

पत्र मी पुढच्या अंकात जसंच्या तसं छापलं. अंक घरोघरी पडले त्या दुपारी पहिला फोन कराटेच्या सरांचा. म्हणाले, “काकांचं पत्र वाचलं. शब्दन् शब्द पटला. दोन्ही लेख एकांगीच होते. त्यांना माझं अभिनंदन कळवा.”

मागोमाग तशाच अर्थाचे सात-आठ फोन आले. एकानेही वेगळा सूर लावला नाही. क्लबाच्या इतिहासात असं एकमत पहिल्यांदाच झालंय, आणि हे काकांना सांगायचं कुणी, यावर सध्या कार्यकारिणीत तीव्र मतभेद आहेत.